अक्का त्यांच्याबरोबर गेल्या

बेल्जियमचं ते जोडपं आमच्या वर राहायला आलं, आणि पहिल्याच रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. सामानाची खोकी अजून जिन्यातच पडली होती. त्यांच्या कडेनं अंग चोरून चार-पाच जण हातात केक, फुलं, बाटल्या घेऊन वर गेले. मी दार किलकिलं करून बघत होते. आम्हाला त्या घरात येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, आणि आमच्याकडे कोणी फुलं घेऊन आल्याचं मला आठवत नव्हतं.

घर बेंगळुरूच्या एचएसआर लेआउट या वस्तीत, तीन मजल्यांचं. तळमजल्यावर मालकीणबाई एकट्या, पहिल्या मजल्यावर मी आणि नवरा, दुसऱ्यावर हे नवे. तो होसकोट्याच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला तीन वर्षांसाठी आला होता. सकाळी साडेसहाला त्याची गाडी दारात यायची. तिला इथं नोकरी करायची परवानगी नव्हती. तिकडे ती शाळेत संगीत शिकवायची. माझा अंदाज होता की ही बाई चार महिन्यांत कंटाळेल. लग्न होऊन निपाणीहून मी बेंगळुरूत आले तेव्हा पहिलं वर्ष मी खिडकीत उभं राहून काढलं होतं, आणि मला तर कानडी येत होतं.

ती कंटाळली नाही. दीडेक महिन्यानं तिनं काहीतरी गोड करून आमच्याकडे पाठवलं. तो वाडगा परत द्यायला मी वर गेले, तेव्हा तिच्या फ्रीजवर लावलेलं कॅलेंडर पाहिलं. महिन्याचा एकही चौकोन रिकामा नव्हता. मंगळवारी सकाळी जुन्या पेठांमधून पायी फिरणाऱ्या मंडळींबरोबर चालणं. बुधवारी कानडीचा वर्ग. गुरुवारी परदेशी बायकांची कॉफी. शुक्रवारी गाण्याची तालीम, शनिवारी कोणाकडे तरी जेवण, नाहीतर कोणीतरी यांच्याकडे. हे सगळं निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. लाल शाईनं लिहिलेले होते प्रवास. गोकर्ण, मडिकेरी, हंपी, पुढच्या पानावर लडाख. तिनं पानं उलटून दाखवली. पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत लाल शाई पोचली होती.

मी म्हटलं, छान आहे. खाली येऊन मी आमचं कॅलेंडर पाहिलं. त्यावर गॅस सिलिंडर कधी लावला त्या तारखेभोवती एक गोल होता, आणि मुलाच्या परीक्षेची तारीख होती. मुलगा तेव्हा पुण्याला शिकायला गेला होता.

मी घरूनच काम करते. मोबाईलवरच्या ॲपमधला मजकूर इंग्रजीतून कानडीत आणि मराठीत आणायचा, हे माझं काम. दिवसभर मी एकटीच शब्दांशी झटापट करत बसते, आणि वरून मला त्यांच्या घरातल्या हालचाली ऐकू यायच्या. खुर्च्या सरकल्या की मी समजायचे, आज आठ जण आहेत. जिन्यात चपला-बूट वाढले की संध्याकाळी गच्चीवर गाणं होणार. कामाच्या मध्येच उठून मी जिन्यातले बूट बघून यायचे. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी आम्हालाही बोलावलं. मी जयनगरमधून घेतलेली चांगली साडी नेसले. गच्चीवर तीसेक माणसं होती, आणि त्यांतली निम्मी आमच्याच लेआउटमधली. मागच्या गल्लीतली दातांची डॉक्टर होती. तिच्या दवाखान्याची पाटी मी सात वर्षं रोज वाचत होते. धारवाडकडचे एक गृहस्थ होते, सुरेख गात होते. आमच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत एक मराठी कुटुंब आहे हे मला त्या दिवशी कळलं, तेसुद्धा बेल्जियमच्या बाईनं ओळख करून दिली तेव्हा. त्या कुटुंबातल्या बाईंनी मला अगदी आपुलकीनं विचारलं, "तुम्ही इथं नवीन का?"

मी म्हटलं, हो, थोडे दिवस झाले.

नवरा मात्र खूश होता. वरच्यानं त्याला रविवारी सकाळी सायकलवरून यायला सांगितलं, आणि बेंगळुरूत आल्यापासून रविवारी साडेनऊच्या आत डोळे न उघडणारा हा माणूस सहाला उठून सायकलीत हवा भरायला लागला. मी कितीदा म्हटलं होतं, रविवारी कुठंतरी जाऊ या. तेव्हा त्याची पाठ दुखायची. याचाही मला राग होता, पण तो राग उघड करता येण्यासारखा होता, आणि मी तो करत होते. दुसरा राग उघड करता येत नव्हता. तो अक्कांवरून होता.

अक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात बोलायचे मराठीच, पण त्या मराठीत निम्मे शब्द कानडी. ‘जरा बस’ न म्हणता त्या ‘स्वल्प बस’ म्हणायच्या. सुरुवातीला मला गंमत वाटायची. मग ती बोली मला इतकी आवडायला लागली की निपाणीला आईशी फोनवर बोलताना मीही ‘बरं बरं’ऐवजी ‘सरी सरी’ म्हणायला लागले. अक्का राज्य सरकारच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. तीस वर्षं त्यांनी इंग्रजी पत्रं टाइप केली, पण कानावर पडलेलं इंग्रजी त्यांना उमगायचं नाही, आणि बोलायची वेळ आली की त्या गप्प व्हायच्या. यजमान गेलेले, मुलगी मैसुरूला. रोज दुपारी साडेचारला मी काम बंद करून खाली जायचे. पुढच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या होत्या. एकीवर त्या, एकीवर मी, आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी. बेंगळुरूत माझं म्हणण्यासारखं एवढंच होतं. नोकरीतली माणसं पडद्यावरची, शेजारी नावापुरते. अक्का माझ्या होत्या.

वरच्या बाईचा कानडीचा वर्ग सुरू झाल्यावर ती सराव करायला अक्कांकडे येऊ लागली. एकदा साडेचारला मी खाली गेले, तर माझ्या खुर्चीवर ती बसलेली. मला बघून ती उठायला लागली, पण अक्कांनी तिला हातानं बसवलं आणि मला म्हणाल्या, आतून स्टूल घेऊन ये गं. मी स्टूल आणलं. त्या दिवसानंतर व्हरांड्यात तिसरी, घडीची खुर्ची आली. आपापल्या जागा ठरून गेल्या. माझी खुर्ची मला परत मिळाली, पण ती खुर्ची आता तिघींतली एक होती.

तिचा उच्चार अक्कांना समजायचा नाही आणि अक्कांची बोली तिला. मग मी मध्ये. तिचं अक्कांना सांगायचं, अक्कांचं तिला. दोन वर्षं मी हे केलं. दोघीही माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

आता तुळजापूरचं सांगायला हवं. अक्कांच्या घराण्याची देवी तुळजापूरची. लग्न झाल्यावर सासूबाईंनी त्यांना तिथं नेलं होतं, त्याला अडतीस वर्षं झाली होती. नंतर जाणं झालंच नाही. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या दिवाळीत त्यांनी हे मला सांगितलं, आणि मी उत्साहानं म्हटलं होतं, अक्का, मी नेते तुम्हाला. सोलापूरपर्यंत गाडी, पुढं तासाभराचा रस्ता. त्या दिवाळीत नवऱ्याला रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी मुलाची दहावी. मग साथीची दोन वर्षं. मग सासऱ्यांचं आजारपण. दर वर्षी मी म्हणायचे, यंदा नक्की, आणि त्या म्हणायच्या, सरी, कधी जमेल तेव्हा. अशी नऊ वर्षं झाली. मला ते खोटं वचन कधी वाटलं नाही. मी खरंच जाणार होते.

जानेवारीतल्या एका दुपारी वरची बाई नकाशा घेऊन खाली आली. कागदी नकाशा, घड्या पडलेला. तो तिनं अक्कांच्या मांडीवर पसरला आणि मला म्हणाली की मी सांगते ते नीट सांग. फेब्रुवारीत ती दोघं बदामी, ऐहोळे आणि विजापूरला निघाली होती. गाडीत मागची जागा रिकामी होती. अक्कांच्या बोलण्यात नेहमी येणारं देवीचं गाव विजापूरहून तीन तासांवर आहे, हे तिनं शोधून काढलं होतं. मुक्कामाला तळमजल्याची खोली मिळेल अशी जागा तिनं बघितली होती, आणि तिथं फोन करून पायऱ्यांची चौकशीही केली होती. पायऱ्या आहेत, पण हळूहळू उतरता येतं, हाताला धरून नेणारं कोणी असलं म्हणजे झालं. ती म्हणाली, अक्कांना विचार, आमच्याबरोबर येतील का. त्यांना भीड वाटू नये अशा बेतानं विचार. आणि मग, जराशानं, ती म्हणाली, तू पण ये, अर्थातच.

ते ‘अर्थातच’ मला लागलं. पण त्याहून लागलं ते वेगळंच. पायऱ्यांची चौकशी करावी हे नऊ वर्षांत मला सुचलं नव्हतं.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "ही दोघं फेब्रुवारीत बदामी-विजापूरला चाललेत. तुमच्या देवीचं गावही बघायचं म्हणतायत."

अक्कांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, बघू दे की, छान आहे. फक्त पायऱ्या फार आहेत म्हणून सांग. मला तर आता गुडघ्यांमुळं अवघडच.

मी तिच्याकडे वळले आणि इंग्रजीत सांगितलं की अक्का तुझे आभार मानतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना जमणार नाही.

यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. ज्या कामावर माझं घर चालतं त्या कामात मी असं काही केलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं. वरच्या बाईनं मान हलवली, अक्कांच्या हातावर थोपटलं आणि नकाशाची घडी घातली. अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग कॉफी आणायला आत गेल्या.

दोन दिवस मला फार बरं वाटलं. वर गाणं चाललं तरी मी बूट बघायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र झोपेतून उठले ती घाबरून. आता काहीही करून मीच अक्कांना न्यायला हवं होतं, आणि तेही फेब्रुवारीच्या आत. मी त्याच दिवशी सोलापूरची तिकिटं काढली, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची, आणि खाली जाऊन अक्कांना दाखवली. अक्कांनी मोबाईल हातात घेऊन स्वतःचं नाव दोनदा वाचलं. त्यांनी मैसुरूला मुलीला फोन केला. ओटीचं सामान काय काय लागतं त्याची यादी केली. देवीला साडी जयनगरमधूनच घ्यायची, तिथं त्यांचं जुनं दुकान होतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, शनिवारी आपण दोघी जाऊ.

गुरुवारी आमच्या कंपनीत एका नव्या ॲपचं काम आलं. सगळं दहा दिवसांत हवं होतं. मी रजा मागायचा प्रयत्न केला, पण जोर लावून नाही. तो मला कधीच लावता आला नाही. संध्याकाळी खाली जाऊन मी अक्कांना सांगितलं की पुढं ढकलू या, मार्चमध्ये नक्की. त्या म्हणाल्या, "सरी." एवढंच. शनिवारी जयनगरला जायचंही मला जमलं नाही. त्या वरच्या बाईबरोबर गेल्या.

तिथं काय झालं ते मला नंतर दोघींकडूनही कळलं. दुकानात अक्का हिरव्या काठाची साडी निवडत होत्या. वरच्या बाईनं कानडीत, जसं येईल तसं, विचारलं की कोणाला. अक्कांनी सांगितलं, देवीला. तुळजापूरला जायचं आहे, जानेवारीतलं राहिलं, आता मार्च. त्यावर ती गोंधळली. तिनं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, पण तुम्हाला तर जमत नाही ना? मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. दुकानदार कानडी होता, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. त्या दोघींच्या मध्ये साडी उघडी टाकून त्यानं एकीचं दुसरीला सांगितलं. जे मी दोन वर्षं करत होते, ते त्यानं पाच मिनिटांत केलं, आणि नीट केलं.

त्या दुपारी आमच्या दारावर थाप पडली. अक्का होत्या. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढत नसत. आम्ही त्यांचेच भाडेकरू असूनही आमच्या घरी त्या गेल्या चार वर्षांत आल्या नव्हत्या. कठड्याला धरून त्या उभ्या होत्या, धाप लागली होती. मी आत या म्हटलं. त्या आल्या नाहीत.

"तिनं मला ये म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं नाहीस."

मी म्हटलं, नाही.

"का गं?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं. "मला तुम्हाला न्यायचं होतं."

खाली कोणीतरी फाटक उघडलं, बंद केलं. मग त्या म्हणाल्या, "तू चल म्हटलं असतंस, तर कधीही मी तुझ्याबरोबरच आले असते. तुला ठाऊक होतं ते. पण आता मी त्यांच्याबरोबर जाते." आणि वळून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, त्या खाली उतरू लागल्या. मी हात द्यायला गेले. त्यांनी तो घेतला नाही, पण झिडकारलाही नाही. मी एक पायरी मागं राहून त्यांच्यासोबत खालपर्यंत गेले.

नवरा आतून सगळं ऐकत होता. मी परत आले तेव्हा तो म्हणाला, "हे तू केलंस?" मी मान हलवली. तो समजावायला आला असता तर मी भांडले असते. तो चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. माफी मागावी आणि लगेच खाली यावं असं ठरवलं होतं. पण तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि त्या दुपारी अक्का काय म्हणाल्या होत्या आणि मी काय सांगितलं होतं, हे शब्दाला शब्द विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. ती नीट ऐकत होती, जसं गाण्यात कोणाचा स्वर कुठं चुकला ते ऐकत असेल. मग तिनं विचारलं की या दोन वर्षांत मी आणखी काय बदललं होतं.

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी म्हणणार होते, काहीच नाही. पण मला आठवलं. ते नवीन आले तेव्हा तिनं अक्कांना विचारायला सांगितलं होतं की गच्चीवर लोक येतात, गाणी होतात, त्याचा त्रास होतो का. अक्का म्हणाल्या होत्या की घर भरल्यासारखं वाटतं, चालू दे. आणि मी तिला सांगितलं होतं की अक्कांची हरकत नाही, पण नऊच्या आत संपवा. तेव्हापासून दर पार्टीत पावणेनऊ वाजले की ती पाहुण्यांना उठवायला लागायची. गाणं अर्ध्यात थांबायचं. मी खाली बसून घड्याळ बघायचे.

हेही मी सांगितलं. आणखी एक होतं. अक्का तिच्या आवाजाची तारीफ करताना म्हणाल्या होत्या की त्यांच्या आईच्या आवाजाची आठवण झाली. मी तिला सांगितलं होतं, छान गातेस म्हणतात.

ही गोष्ट ऐकून तिचे डोळे भरले. नऊ वाजण्याचं ऐकून नाही, हे ऐकून. ती उठून खिडकीशी गेली. परत आली तेव्हा तिनं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले, अगदी सभ्यपणे, आणि मला जिन्यापर्यंत सोडायला आली. त्यानंतर तिनं मला पुन्हा कधीही काही सांगायला सांगितलं नाही. व्हरांड्यात आम्ही तिघी बसायचो, पण ती आणि अक्का आपलं आपण बोलायच्या, मोडक्या कानडीत, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, कधी कागदावर लिहून. अक्का लिहायला लागल्या की त्यांचं इंग्रजी सुंदर असायचं, तीस वर्षं टाइप केलेलं. एका गोष्टीला दहा मिनिटं लागायची. मी एका वाक्यात सांगू शकले असते. मी कॉफी पीत बसायचे.

फेब्रुवारीत ते निघाले. सकाळी सहाला गाडी दारात होती. मी पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि डबा अक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडून वास घेतला, मग पिशवीत नीट उभा ठेवला. वरच्या बाईनं मला पुन्हा विचारलं, अजून जागा आहे, चल. या वेळी तिच्या बोलण्यात ‘अर्थातच’ नव्हतं. पण मला जाता येणार नव्हतं. काम होतं हे खरं, आणि त्यांच्या गाडीत मागे बसून अक्कांना त्यांच्याशी बोलताना चार दिवस बघणं मला झेपलं नसतं, हेही खरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याच्या फोनवर वरच्यानं फोटो पाठवले. अक्का देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, कपाळ कुंकवानं भरलेलं, आणि तोंडभर हसत होत्या. त्यांच्या दंडाला वरच्या बाईनं धरलं होतं. मी फोटो मोठा करून फक्त तो हात बघितला. मला वाटलं होतं, अक्का आनंदात दिसल्या की माझं मन निवेल. तसं काही झालं नाही. आनंद दिसला आणि तिडीकही आली, दोन्ही एकदमच, आणि मी फोन परत देऊन कामाला बसले.

परत आल्यावर अक्कांनी प्रसादाच्या दोन पुड्या केल्या होत्या, एक मला, एक वरच्यांना. मी दोन्ही हातात तोलून बघितल्या नाहीत, पण नजरेनं बघितल्या. सारख्याच होत्या.

ते वर्षभरानं गेले. त्याला पुढचं काम दुसऱ्या देशात मिळालं होतं. निरोपाच्या दिवशी जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नऊ वाजून गेले तरी गाणं चालूच राहिलं. अक्काही कठड्याला धरून हळूहळू गच्चीवर आल्या होत्या आणि खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होत्या. धारवाडच्या गृहस्थांनी आणि तिनं मिळून एक कानडी भजन म्हटलं. मीही बसले होते. कोपऱ्यावरच्या इमारतीतल्या मराठी बाईंनी मला आता ओळखलं. त्या म्हणाल्या, आता आपल्याला एकत्र आणणारं कोण राहिलं? त्या जे सहज म्हणाल्या, ते मला दोन-तीन दिवस खात राहिलं.

वर आता एक तेलुगू कुटुंब राहतं. आम्ही एकमेकांना हसतो. अक्कांना मात्र दर रविवारी बेल्जियमच्या बाईचा निरोप येतो, बोललेला, कधी पाच-पाच मिनिटांचा. त्या तो फोन कानाला लावून दोन-तीन वेळा ऐकतात आणि मग टाइप करून उत्तर देतात. मला दाखवत नाहीत. मी विचारतही नाही. रविवारी मी कॉफीला थोडी उशिरा जाते.

तुळजापूरचं पुन्हा कोणी काढलं नाही. या पावसाळ्यानंतर एक दिवस अक्काच म्हणाल्या, "तुझं निपाणी मी कधी पाहिलंच नाही की." आधी मला वाटलं, आपलं सहज म्हणाल्या. मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्याच खुर्चीत बसून गाडीची तिकिटं काढली, त्या आठवड्यातलीच, आणि वरिष्ठांना फोन करून सांगितलं की मी चार दिवस नाही. ते काहीतरी म्हणत होते. मी म्हटलं, नाही, हे पुढं ढकलता येणार नाही. नवरा म्हणाला, मीही येतो.

निपाणीत आईनं अक्कांना ओसरीवर बसवलं आणि दोघी अशा बोलत सुटल्या की माझी गरजच पडली नाही. आईची निपाणीची मराठी आणि अक्कांची बेंगळुरूची, दोन्हीत कानडी भरपूर. संध्याकाळी आम्ही तंबाखूच्या शेतांच्या बाजूनं सावकाश चालत गेलो. अक्कांनी माझा दंड धरला होता. थोड्या वेळानं त्या थांबल्या, मोबाईल काढला आणि मला म्हणाल्या, स्वल्प इकडे उभी राहा. नवऱ्याच्या हातात मोबाईल देऊन आमचा दोघींचा फोटो काढून घेतला. मग चष्मा लावून बराच वेळ काहीतरी टाइप करत उभ्या राहिल्या.

फोटो कोणाला जातोय हे मला समजलं होतं. छातीत तीच जुनी कळ उठली, ओळखीची. त्यांचं टाइप करणं होईपर्यंत मी बाजूला उभी राहिले, आणि मग त्यांनी पुन्हा माझा हात धरला तेव्हा घराकडे वळलो.